अडथळा नावाचा चौकोन

फळ्यावर मी दरवर्षी तीच आकृती काढते. डावीकडे एक चौकोन, त्यात 'प्रेषक'. उजवीकडे दुसरा, त्यात 'ग्राहक'. मधे बाण, बाणावर 'संदेश', बाणाखाली 'माध्यम'. मग खालून एक वाकडीतिकडी रेघ वर जाऊन त्या बाणाला टोचते आणि तिच्या बुडाशी शेवटचा चौकोन येतो, 'अडथळा'. मुलं निमूटपणे उतरवून घेतात, कारण ही आकृती परीक्षेला हमखास येते. नंदुरबारच्या एका महाविद्यालयात मी संवादशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला की मी मॅडम, तास संपला की कोणीच नाही. सासर खांडबाऱ्याला आहे. सकाळच्या गाडीने यायचं, आकृती काढायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं.

माझं सगळं वैर त्या शेवटच्या चौकोनाशी आहे. त्याच्यावर मी पीएच.डी. केली. खरं तर करू दिली नाही, पण ते पुढे येईल.

पॅराडाइम, म्हणजे विचारांची चौकट, हा शब्द मला उशिरा भेटला. भेटला तेव्हा मी गाडीत उभी होते, हातात कुठल्याशा व्याख्यानाची झेरॉक्स होती आणि उतरायचं स्टेशन मागे पडलं तरी मला कळलं नाही. विज्ञान सावकाश साठत साठत पुढे जातं असं आपण समजतो, तसं ते नसतं, असं त्यात म्हटलं होतं. शास्त्रज्ञ एका चौकटीत राहून काम करतात. काय विचारायचं आणि काय विचारायचंच नाही, हे त्या चौकटीने आधीच ठरवलेलं असतं. चौकटीत न बसणारं काही दिसलं की सुरुवातीला यंत्राला दोष देतात, मापणाऱ्याला दोष देतात, नाहीतर काणाडोळा करतात. पण अशा विसंगती साठत जातात, एक दिवस डोक्यावरून पाणी जातं आणि मग चौकटच मोडते. मोडली की जग पुन्हा पहिल्यासारखं दिसत नाही.

हे वाचून मी माझ्या विषयाकडे बघितलं. आमच्याकडे चौकटी आहेत, पुष्कळ आहेत. पुस्तकात एकीखाली एक दिलेल्या असतात आणि विद्यार्थी त्या पाठ करतात. पण आमच्याकडे काही मोडलेलं मला आठवेना. इतकी वर्षं माणसं माणसांना समजत नाहीयेत, सरकारचं गावाला कळत नाही, गावाचं सरकारला कळत नाही, आणि तरी ती पहिली आकृती फळ्यावर जशीच्या तशी. असं का? मग एका दुपारी वर्गात खडू हातात असतानाच लक्षात आलं. बाकीच्या शास्त्रांत विसंगती बाहेर पडून राहते, पायात येते, ठेच लागते. आमच्या शास्त्राने तिच्यासाठी आकृतीतच खोली बांधून ठेवली आहे. जे बसत नाही ते सगळं 'अडथळा'. भाषा वेगळी, अडथळा. रीत वेगळी, अडथळा. माणूसच वेगळा, तरी अडथळा. कचरा टाकायची जागा घरातच असली तर घर घाण झालंय हे कळणार कसं?

एवढाच माझा मुद्दा होता. तो मी प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणून लिहिला आणि ते प्रकरण टिकवणं हेच पुढची काही वर्षं माझं जगणं झालं.

माझे मार्गदर्शक वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ते चहा मागवायचे, घरच्यांची चौकशी करायचे, शेवटची गाडी चुकेल म्हणून मला वेळेवर उठवायचे. आणि तिसरं प्रकरण काढलं की हसायचे. मॅडम, तो पॅराडाइम वगैरे भौतिकशास्त्रवाल्यांचा, म्हणायचे, आपला विषय अजून रांगतोय, आपल्याला क्रांती कसली परवडते. त्यांना माझ्याकडून पाहणी हवी होती. संदेश किती जणांपर्यंत पोचला, किती जणांना कळला, कुठे अडला.

तीही मी केली. नंदुरबारला मिरच्यांच्या पथारी आहेत, गावाबाहेरच्या उघड्या मैदानात मैलभर लाल मिरची वाळत पसरलेली असते आणि बाया दिवसभर खाली बसून ती वेचत असतात. नाकातोंडाला फडकं बांधा, असं सांगणारी रिक्षा भोंगा लावून तिथे फिरवली होती. भोंग्यातली मराठी अगदी शुद्ध होती. मी प्रश्न घेऊन गेले. ऐकलं का? ऐकलं. कळलं का? कळलं. सगळ्यांनी हो म्हटलं, कारण समोर आलेल्या शिकलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं. फडकं मात्र ज्या आधीपासून बांधत होत्या त्यांच्याच तोंडाला होतं. सरांनी तक्ते पाहिले आणि समाधानाने म्हणाले, बघा, संदेश पोचलाय, फक्त अडथळा आहे. भाषा आणि निरक्षरता. लिहून टाका.

माझ्या नाकाला ती मिरची अजून झोंबते.

तिसऱ्या प्रकरणातलं माझं मुख्य उदाहरण मात्र पथारीवरचं नव्हतं. ते माझ्या वडिलांचं होतं.

माझं माहेर रनाळ्याचं. बापू शेती करायचे, पण भाऊबंदांत त्यांची ओळख वेगळी होती. कोणी वारलं की दुसऱ्या गावी दिलेल्या लेकींना कळवायला बापूंना पाठवायचे. आमच्याकडे लेकीला अशी बातमी थेट देत नाहीत. तिच्या सासरच्या कर्त्या माणसाला द्यायची आणि त्यालाही तोंडाने द्यायची नाही. बापू पांढरी टोपी घालून त्या गावी जायचे, ओट्यावर बसायचे, पाणी घ्यायचे आणि चहा पुढे आला की हात जोडून नको म्हणायचे. चहा नाकारला की घरातला म्हातारा समजायचा. मग तो आत जाऊन सुनेला, चल, माहेरी जाऊन येऊ, एवढंच सांगायचा. कोण, कधी, कसं, हे गावाच्या शिवेपर्यंत कोणी विचारत नसे. विचारणं हा दुष्टपणा समजत. तोंडून वदवून घेणं म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा मारणं.

मोबाइल आले तरी ही रीत गेली नाही, तिने फक्त टोपी काढून ठेवली. फोन आता सासऱ्याच्या मोबाइलवर यायचा. फोनवर चहा नाकारता येत नाही, म्हणून फोन कोणाला आला हेच पुरेसं झालं. लेकीचा मोबाइल तिच्या हातात असताना तिच्या भावाचा फोन सासऱ्याला येतो, आणि तो तिला घेऊन यायला सांगतो, म्हणजे काय ते सासऱ्याने समजायचं.

बापूंना मी एकदा बसवून विचारलं होतं की तिथे जाऊन तुम्ही नेमकं सांगता काय. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"मी काय सांगस तठे? काहीच नही. जास, बठस, पानी पेस, उठस."

हे मी प्रकरणात लिहिलं. संदेश नाही, तरी पोचतो. आकृतीतला मधला बाणच नाही आणि तरी म्हातारा टोपी शोधायला उठतो. हे तुमच्या कोणत्या चौकोनात टाकता ते सांगा, असं मी विचारलं होतं. बापूंना या सगळ्याचं कौतुक होतं अशातला भाग नाही. आपल्या जाण्यायेण्यावर लेक पानंच्या पानं लिहिते याची त्यांना लाजच वाटायची. पोरगी पर्मनंट व्हावी एवढीच त्यांची इच्छा. सर प्रकरण काढा म्हणतात असं मी रडवेली होऊन सांगितलं तेव्हा त्यांनी माझी बाजू घेतली नाही. "तुन्हा सर जसं म्हनतस तसं लिखी दे," म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला होता.

शेवटी तडजोड झाली. तडजोड म्हणजे माझ्या तोंडाला पानं पुसली. तिसरं प्रकरण प्रबंधाच्या मागे परिशिष्ट म्हणून गेलं, मथळा बदलून. नवा मथळा सरांचा, 'स्थानिक अडथळे: एक टिपण'. ज्या चौकोनाविरुद्ध मी लिहिलं त्याच चौकोनात त्यांनी मला नेऊन बसवलं. पण सर म्हणाले, तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांपुढे बोला, त्यांना पटलं तर परत प्रकरण करू. त्या एका शब्दावर मी दिवस काढले. तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. बापू येणार होते. आपल्यावर काय बोलतात ते ऐकतो, म्हणाले होते, आणि धाकट्या भावाने त्यांना विद्यापीठाच्या गावी घेऊन यायचं ठरलं होतं.

आदल्या संध्याकाळी भावाचा फोन आला. बापूंना जरा दम लागतोय, पित्त असेल, तू पुढे हो, बरं वाटलं तर सकाळी निघतो. मी आणि नवरा पुढे गेलो. सकाळी सभागृहात दुसऱ्या रांगेतली खुर्ची मी पर्स ठेवून धरून ठेवली होती. बोलायला उभी राहताना फोन बंद केला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

बाहेरचे परीक्षक बारीक आवाजाचे, कोरडे, पण वाचून आलेले. परिशिष्टही वाचलेलं. माझ्या जीवात जीव आला. मी सगळं बोलले, चौकट, विसंगती, घरात बांधलेली कचऱ्याची खोली. बापू नसताना बापूंचं बोलले. त्यांनी मान डोलावत ऐकलं. मग त्यांनी विचारलं ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे.

"बाई, तुमच्या वडिलांच्या उदाहरणात निरोप न सांगता पोचतो. छान आहे. पण तो पोचतोच ना? मग आकृती मोडली कुठे? मला उलटं उदाहरण द्या. निरोप स्पष्ट शब्दांत दिला, नीट ऐकू आला, भाषा एकच, कुठलाही अडथळा नाही, आणि तरी तो फसला. असं एक उदाहरण तुमच्याकडे आहे का?"

मला पथारीचं आठवलं, पण तिथे भाषेचा प्रश्न होता, सर लगेच बोट ठेवणार. दुसरं काही सुचेना. नाही, मी म्हणाले. ते म्हणाले, मग ही विसंगती नाही, ही निराळी पद्धत आहे, परिशिष्ट हीच तिची योग्य जागा. सरांनी मला दिलासा द्यावा तसं हसून पाहिलं. पदवी द्यावी अशी शिफारस झाली, टाळ्या वाजल्या, कोणीतरी गुच्छ दिला.

नवरा दाराशी उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता.

ज्या वेळी मी नाही म्हणाले त्या वेळी माझं उदाहरण खांडबाऱ्यात घडत होतं. हे मला नंतर, तुकड्यातुकड्याने कळलं. सकाळी बापूंचा दम वाढला, भावाने आणि मायने त्यांना नंदुरबारच्या दवाखान्यात आणलं. छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, जवळच्यांना बोलवा. बापू शुद्धीवर होते, बोलत होते, मला बोलवा म्हणत होते. भावाने मला फोन लावला, तो बंद. नवऱ्याला लावला, सभागृहात त्याने आवाज बंद करून ठेवलेला. मग त्याने माझ्या सासऱ्यांना लावला. आणि स्वच्छ, मोठ्याने, आपल्याच बोलीत सांगितलं की बापूंना दवाखान्यात आणलंय, ताईला घेऊन या. फोन खरखरला नाही. शब्द गळला नाही.

आबा, म्हणजे माझे सासरे, रीतभात सांभाळणारे. बरं, येतो, एवढंच म्हणाले. पुढे विचारलं नाही. सुनेच्या भावाचा फोन सुनेला न येता आपल्याला आला, आणि घेऊन या म्हणाला. दवाखाना तर असा निरोप देणारे सगळेच सांगतात. आबांनी ओळखलं की व्याही गेले. मग त्यांनी सगळं नीट केलं, मायेने केलं, हेच मला सोसत नाही. पोरीची आज परीक्षा आहे, तिच्या जन्माचं काम आहे, गेलेला माणूस काही परत येत नाही, तिला पुरं करू द्या, असं त्यांनी ठरवलं. नवऱ्याने हुकलेले फोन पाहून आबांना लावला तेव्हा त्यांनी तेवढंच कळवलं, परीक्षा झाली की तिला थेट रनाळ्याला आण, तिच्या हातात फोन देऊ नको. मग आसपासच्या नातेवाइकांना कळवलं, प्रेताच्या अंगावर घालायचं कापड घेतलं, गाडी ठरवली आणि रनाळ्याला निघाले. भावाचा पुन्हा फोन आला तेव्हा म्हणाले, निघालेत. तेही खरंच होतं.

गाडीत मी फोन मागितला. नवरा म्हणाला चार्जिंग संपलंय. वाटेत ढाब्यावर थांबलो, चालकाने चहा घेतला, नवऱ्यापुढे ग्लास आला तो त्याने हाताने बाजूला सारला. त्याला चहाशिवाय चालत नाही. मी त्या ग्लासाकडे बघत राहिले. मग मी ते केलं जे आमच्याकडे कोणी करत नाही. विचारलं.

"बापू शेत ना?" आहेत ना, एवढंच.

तो काचेबाहेर बघत राहिला. "चाल तू. जाऊत आपन."

याहून स्पष्ट उत्तर आमच्या रीतीत नाही. दोंडाईचा येईपर्यंत मी रडून घेतलं. गुच्छ पायाशी पडला होता, त्याच्यावर माझी चप्पल होती.

रनाळ्याला घरापुढे माणसं जमलेली. आबा, त्यांचे भाऊ, माझ्या आत्या, खांडबाऱ्याच्या बाया डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर बसलेल्या. मी गळा काढला, बायांनी मला धरलं, त्याही रडू लागल्या. जरा वेळाने कोणाच्या तरी लक्षात आलं की दाराला कुलूप आहे. आत कोणी नाही. प्रेत अजून दवाखान्यातून आणलं नसेल, असं ठरलं, आणि सगळे पुन्हा बसले. आम्ही वाट बघत बसलो. अर्धाअधिक तास तरी बसलो असू. मग समोरची काकू शेतातून आली, एवढी गर्दी पाहून घाबरली आणि जवळ येऊन मला म्हणाली:

"अवं, तू आठे का बठेल शे? बापू दवाखानामा शेतस. सकायपासून तुन्हीच वाट देखी ऱ्हायनात."

रनाळ्याहून नंदुरबार काही दूर नाही. पण आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा माय जमिनीवर बसलेली होती आणि भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. बापू नुकतेच गेले होते. आम्ही त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांच्यासाठी रडत होतो तेव्हा गेले. हात अजून गरम होता. मायने सांगितलं की शेवटपर्यंत दाराकडे मान वळवून होते, गाडीला उशीर झाला असेल म्हणत होते.

आबांच्या पिशवीतलं कापड बाहेर आलं तेव्हा भावाला सगळं उमगलं. दवाखान्यातल्या माणसांनी पुढचं उरकायची घाई लावली होती, तरी तो आबांच्या समोर जाऊन उभा राहिला. आमच्यात व्याह्याशी असं कोणी बोलत नाही. म्हणाला, मी दवाखाना म्हटलं होतं, गेले म्हटलं नव्हतं. तुम्ही एक शब्द विचारला का नाही.

आबा म्हणाले, "असं इचारतस का कोनी?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या चौकटीत तो प्रश्नच नव्हता. आणि ती चौकट गावोगाव बसवत ज्यांनी जन्म घालवला ते कापडाखाली निजले होते. मला आबांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं आणि त्यांच्या पायाशी बसून रडावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच मी केलं नाही. भाऊ त्यानंतर खांडबाऱ्याच्या घराची पायरी चढलेला नाही.

दहाव्यानंतर सर भेटायला आले. एवढ्या लांबून आले, मायसमोर हात जोडून बसले, डोळे पुसले. मग ओट्यावर मला एकटीला गाठून काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. फोन, शब्द, आबा, कुलूप, सगळं. सांगताना मला कळत होतं की मी परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर देते आहे. सरांनाही कळलं. त्यांचा चेहरा बदलत गेला, आधी दुःख होतं, मग त्यात दुसरंच काही मिसळलं. मॅडम, हळू आवाजात म्हणाले, हे फार मोठं उदाहरण आहे. अंतिम प्रत अजून गेलेली नाही. हे घाला, मी परीक्षकांशी बोलतो, तुमचं प्रकरण परत प्रकरण होईल. मी विचारलं, मथळा कोणता ठेवायचा. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"'सांस्कृतिक अडथळा'. दुसरं काय म्हणणार?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझा बाप दाराकडे बघत गेला होता आणि ह्या भल्या माणसाने त्याला उचलून त्या चौकोनात ठेवलं, अगदी हळुवारपणे. मी म्हटलं, घालायचं नाही. ते समजूत घालत राहिले. तुमच्या वडिलांचं नाव राहील, म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, घालायचं नाही, आणि त्यांच्यापुढचा चहा उचलून आत नेला. त्यांना काय कळलं कोण जाणे. गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

परिशिष्ट आहे तिथेच आहे, त्याच मथळ्याचं. पदवी मिळाली. जागा काही निघाली नाही, मी अजून तासिकेवरच आहे. ज्यासाठी बापूंनी तसं लिहून दे म्हटलं होतं तेही झालं नाही. कधी कधी वाटतं, घालायला हवं होतं. कधी वाटतं, ती झेरॉक्स मुळात हातातच पडायला नको होती. संकट आलं की चौकट मोडते, असं त्यात म्हटलं होतं. मी ते खरं मानलं होतं.

मागच्या आठवड्यात रविवारी मी घरी होते. आबा ओट्यावर बसलेले, मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांचा फोन वाजला. रनाळ्याचा होता, भावाचा. इतक्या दिवसांनी त्याने आबांना फोन केला होता, बापूंच्या वर्षश्राद्धाला या सांगायला. बोलायची सुरुवातच त्याने मुद्दाम अशी केली, माय बरी आहे, आम्ही सगळे बरे आहोत. ते मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. आबा हं हं म्हणत राहिले. फोन ठेवला. मग त्यांनी चहाचा कप हळूच लांब सारला आणि खुंटीवरची टोपी घ्यायला उठले.

मी विचारलं, काय म्हणाला.

"माय बरी शे म्हने," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, आणि टोपी झटकू लागले.

मी आत जाऊन मायला फोन लावला. तिने उचलला, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी भलत्या वेळी कधी फोन करत नाही. तिने खालच्या आवाजात विचारलं:

"कोन गयं?"

मी म्हटलं, कोणी नाही. तिचा विश्वास बसला नाही.